भांडायला माणूस हवा

आमच्या ह्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मी कपाळाला हात लावला. साखर नॉर्मल, रक्तदाब नॉर्मल, आणि माणूस पोळीकडे नुसता बघत बसलेला! डॉक्टर म्हणाले, "वय झालं, फिरायला न्या, आनंदात ठेवा." फी घेऊन हेच सांगायचं असेल, तर मीसुद्धा दवाखाना काढते.

रोग मला ठाऊक होता. शेजारचे श्रीनिवास करंदीकर नुकतेच मुलाकडे हिंजवडीला राहायला गेले होते. शनिवार पेठेतून स्वारगेटला चालत जायला बाजीराव रस्ता जवळचा की शिवाजी रस्ता, यावर हे दोघे निवृत्त झाल्यापासून रोज जिन्यात भांडत. स्वारगेटला दोघांचंही काडीचं काम नसे.

मग मीच पदर खोचला. म्हटलं, "अहो, बाजीराव रस्ता काही जवळचा नाही हं!"

"तू म्हणतेस तर तसंच असेल."

अगं बाई! उभ्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माणूस हातचा जातो की काय! स्वयंपाकघरात जाऊन रडले, डोळे पुसले आणि तिथूनच करंदीकरांना फोन लावला.

"कसं काय भावजी?"

"उत्तम. जिम आहे, बाग आहे, सूनबाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणते. जेवण तेवढं जात नाही."

"असं होय? हे म्हणत होते, करंदीकर हरले म्हणून पळाले."

फोन कट.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी जिन्यात आरोळी. करंदीकर घामाघूम! सरळ घरी यायचं सोडून गृहस्थ आधी बसने स्वारगेटला गेले आणि तिथून शिवाजी रस्त्याने चालत आले.

"सबनीस! कोण पळालं हो?"

"शिवाजी रस्त्याने आलात? तरीच एवढा उशीर!" हे ताटावरून गरजले.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. बोंबलता बोंबलता दोघांनी आमटीचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. मला मेलीला उरली कोरडी पोळी, पण काय गोड लागली म्हणून सांगू!

करंदीकर गेल्यावर हे ढेकर देत म्हणाले, "पळाले वगैरे मी म्हणालो नव्हतो."

मी भांडी आवरायला घेतली.

"सोमवारी परत फोन कर. आणि जरा झणझणीत बोल. लांबून यायचं असतं त्यांना."