शेवटची चार कोरी पानं

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाची एक जुनी स्वाध्यायपुस्तिका आहे. माझ्यात एकशे बारा स्वाध्याय, मग त्यांची उत्तरं आणि शेवटी चार कोरी पानं.

स्वाध्याय १. रिकाम्या जागा भरा.

शिंप्याच्या मुलीने पेन्सिलने भरल्या. सगळ्या बरोबर. पुढचे एकशे अकराही बरोबर. वर्गात तिचं नावच पडलं, पैकीच्यापैकी. तिने उरलेल्या कापडाचं निळं कव्हर मला शिवलं. मी मिरवले.

स्वाध्याय ४०. स्वतःविषयी एक पान लिहा.

नाही, असा स्वाध्याय माझ्यात नाही. तो परिचारिका महाविद्यालयाच्या अर्जात होता. आई इस्पितळात असताना एक परिचारिका उशाशी बसून तिचे केस विंचरायची. तेव्हापासून मुलीला तेच व्हायचं होतं.

तिने मला उघडलं आणि माझी वाक्यं अर्जात उतरवली.

"मराठीत सांग बघू," मशीन थांबवून वडील म्हणाले.

"माझे काका बोटीवर कप्तान आहेत."

"कोण काका? मला भाऊ कधी झाला?"

"बाबा, पुस्तकातलं वाक्य आहे. चूक निघणार नाही."

"आणि आईचे केस विंचरायच्या, त्या बाई?"

"ते लिहायला गेले की चुका होतात."

वडिलांनी कागद उजेडात धरला. "टाका कुठे उसवलेला नाही गं. पण सदऱ्यात माणूसच नाही."

मी सगळं ऐकत होते. पान फडफडवावं म्हटलं, तर वारा नव्हता.

मुलाखतीला मी तिच्या पिशवीत होते. "एकही चूक नाही," मुलाखत घेणाऱ्या बाई अर्ज पाहून म्हणाल्या. "काका कुठल्या बोटीवर असतात?"

तिने पिशवीवरून मला चाचपलं. काकांची बोट मलाही माहीत नव्हती.

निवडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

स्वाध्याय १. रिकाम्या जागा भरा.

हो, पुन्हा. "व्याकरणच कच्चं राहिलं असणार," असं म्हणून ती जुनी उत्तरं खोडते आहे. नव्याने सोडवणार आहे.

मित्रांनो, मला जपा असं कोणत्या तोंडाने सांगू? तिने जपलंच होतं. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर एवढं करा. तिची शेवटची पानं उघडा आणि तुमच्या घरातलं काहीतरी लिहा. चुकलं तर चुकू द्या. त्या पानांची उत्तरं कुठेच छापलेली नाहीत.

खोडरबर एकोणिसाव्या स्वाध्यायापर्यंत आलं आहे. कोरी पानं अजून लांब आहेत, आणि मला माझं पान उलटता येत नाही.