आवाज नंतर टाकू

“मावशी, ओठ हलत राहू द्या. काय म्हणता त्याला महत्त्व नाही. आवाज आपण नंतर टाकू.”

दिग्दर्शकाचं हे वाक्य मी तेव्हा या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. आता ते डोक्यात घण घालतंय.

जाहिरातींत मी लहानसहान कामं करते. साबणाच्या जाहिरातीतली सासू, बिस्किटांच्या जाहिरातीत मागून जाणारी काकू. भांड्यांच्या पावडरीत तर नुसते माझे हातच होते. तेव्हा हे म्हणाले होते, “हिचा हात साऱ्या जगानं पाहिला, पण मागितला मी एकट्यानंच.”

त्या दिवशी शूटिंग अगदी सकाळी होतं. भाड्याच्या हॉलमध्ये प्लायवूडचं स्वयंपाकघर उभं केलेलं. नळ होता, पाणी नव्हतं. माझ्या हातात एक कोरी बाटली दिली. लेबलही म्हणे नंतरच लागणार. थकव्यावरचं टॉनिक आहे, एवढंच मला सांगितलं. एकच जाहिरात चार भाषांत जायची, म्हणून संवाद कुणालाच नव्हते. माझ्याबरोबरची बाई गोड हसत नुसते आकडे म्हणत होती. माझं सकाळचं स्तोत्र राहिलं होतं. ते झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, हा लग्नाआधीपासूनचा नेम. म्हटलं, ओठ हलवायचेच आहेत तर देवासाठी हलू देत. कॅमेऱ्यासमोर अख्खं स्तोत्र म्हटलं.

“काय समाधान आहे हो मावशी चेहऱ्यावर!” दिग्दर्शक खूश झाला.

समाधान खरंच होतं.

आज दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात हे ओरडले, “अगं ये ये, आलीस बघ!”

धावत गेले. पडद्यावर मीच. बाटलीवर भलंमोठं लेबल. आणि माझ्या तोंडातून कुण्या परक्या बाईचा मधाळ आवाज, “पंधरा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या खाल्ल्या. हे प्यायला लागले आणि गोळ्यांचा डबाच फेकून दिला!”

देवाचं नाव घेताना मी जिथे क्षणभर डोळे मिटले होते, नेमकं तिथेच ती ‘फेकून दिला’ म्हणत होती.

“तुला कधी झाला मधुमेह?” हे हसायला लागले.

इतक्यात वन्संचा फोन. यांची थोरली बहीण, इथून बसनं तासाभरावर एकट्याच राहतात.

“अगं वहिनी, छुपी रुस्तम आहेस! आठवडाभर बघतेय तुला टीव्हीवर. पंधरा वर्षं दुखणं लपवलंस होय?”

“वन्सं, तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत ना?”

“कशाला? तू फेकल्यास, मीही फेकल्या. घशाला जरा कोरड पडते, पायाची जखम चिघळलीय. पण बाटलीवाले म्हणतात, आतलं विष बाहेर पडतंय.”

“अहो, मी ते बोललेच नाही!”

“चल! तोंड तुझं नाही?”

“तोंड माझं. आवाज दुसरीचा.”

“आवाज बदलतात, एवढं कळतं गं मला. पण शब्द तर तुझेच ना? जीव गेला तरी तू खोटं बोलायची नाहीस. शेजारच्या दोघींनाही मी हेच सांगितलं. माझी सख्खी भावजय आहे, म्हटलं. त्यांनीही गोळ्या बंद केल्या.”

हे कान देऊन ऐकतच होते. यांनी फोन ओढून घेतला. “ताई, वेडी झालीस का? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा!”

“तू शेंबडा असल्यापासून मला शिकवतोयस,” म्हणत वन्संनी फोन ठेवला.

यांनी आपल्या फोनवरून दिग्दर्शकाला गाठलं. त्याचं उत्तर मलाही ऐकू आलं, “काका, चेहरा त्यांचा, आवाज आमचा. सही केलीय त्यांनी.” हे तिथेच भांडायला लागले.

मी माझ्या फोनवरून पुन्हा वन्संना लावला. “वन्सं, माझं नुसतं ऐकू नका, डोळ्यांनी बघा. मी येते. जाहिरात लागली की टीव्हीचा आवाज बंद करायचा. मी शेजारी बसून स्तोत्र म्हणेन, कारण शूटिंगच्या वेळी मी तेच म्हणत होते. माझे ओठ आणि ते ओठ ताडून बघा. पण त्याआधी शेजारणीला घेऊन दवाखान्यात जा.”

“स्तोत्र?” वन्संचा आवाज एकदम बारीक झाला. “आणि मी त्या दोघींना काय सांगून बसले गं!”

“त्यांच्या दारातही मीच उभी राहीन.”

“वचन दे.”

“दिलं.”

“मग ये. दवाखान्यात तुझ्याबरोबरच जाईन. सकाळपासून मला धड दिसत नाहीये, वहिनी. सांगितलं नव्हतं कुणाला.”

हे अजून फोनवर तावातावानं बोलत होते. मी खुणेनंच त्यांना सांगितलं, निघते. पायांत चप्पल सरकवली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे चालू लागले.