दाखवायची खाट

मी एक जुनी घडीची खाट आहे. जुनी वयाने. वापराने विचाराल तर कोरी करकरीत. मित्रांनो, नऊ वर्षं माझ्यावर कुणीही झोपलं नव्हतं. खाटेसाठी ही केवढी नामुष्की आहे, ते एखाद्या कधीच न भिजलेल्या छत्रीलाच कळेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझे पाय केले, निळ्या नायलॉनच्या पट्ट्या ताणून पाठ विणली. मग एका जाडजूड कामगाराने माझ्यावर तीनदा धपकन बसून पाहिलं. "हिच्यावर हत्ती झोपला तरी चालेल," तो म्हणाला. हत्ती राहू द्या, पुढे मांजरही फिरकलं नाही.

मला दोघींनी विकत आणलं. एक शाळेत गणित शिकवायची, तिला सगळे बाई म्हणत. दुसरी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायची, म्हणून ती कवळीवाली. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, संसार एक होता आणि पलंगही एकच होता. मग मी कशाला? मला वाटलं, पाहुण्यांसाठी असेन. तसंच होतं. फक्त पाहुण्यांनी माझ्यावर झोपायचं नव्हतं, मला बघायचं होतं.

घरमालक आला की मला उघडत. बाईंचा दादा आला की उघडत. वर चादर, उशी, आणि उशीजवळ कवळीवालीचा चष्मा. ती इथे झोपते, याचा पुरावा म्हणून. चष्म्याशिवाय तिला ढिम्म दिसत नसे. ती चहा घेऊन आली की आधी चौकटीवर आपटायची.

"हिचे डोळे तपासून घ्या," दादा म्हणायचा.

"घेतलेत."

"मग चष्मा लावत जा म्हणावं."

पाहुणा गेला की माझी घडी, आणि मी कपाटामागे. अंगावरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नाही. चादर त्याच्यावरच घालत.

मग दोघींना मूल हवंसं वाटलं. आईबाप नसलेलं मूल घरी आणायचं तर एका कचेरीत अर्ज करावा लागे. कचेरीचा नियम असा, की नवराबायको चालतील, एकटी बाईही चालेल, पण दोन बायकांचं जोडपं चालणार नाही. म्हणजे एक आई पुरे, दोन जास्त. बाईंनी आयुष्यभर भलीभली गणितं सोडवली, हे एक काही सुटलं नाही. शेवटी अर्ज एकट्या बाईंच्या नावाने गेला. कवळीवाली कागदावर भाडेकरू झाली.

घर बघायला तपासणीबाई आल्या. आल्या त्या थेट माझ्यावर बसल्या. चुर्रर्र. त्या उठल्या. परत बसल्या. चुर्रर्र.

"हिच्यावर कोण झोपतं?"

"मी," कवळीवालीने कपाटाकडे बघत उत्तर दिलं.

तपासणीबाईंनी काहीतरी लिहिलं आणि गेल्या. दोघी आठवडाभर धड जेवल्या नाहीत.

दोन वर्षांनी मुलगी आली, तीन वर्षांची. ती बाईंना आई म्हणू लागली आणि कवळीवालीला मोठी आई, कारण ती उंच होती. मी कपाटामागे नळ्या ताणून तयार राहिले. म्हटलं, पोर आहे, उड्या तरी मारेल. पण ती माझ्याकडे वळली की, "नको गं, ती पाहुण्यांची आहे."

दर सहा महिन्यांनी तपासणीबाई येत. शेवटच्या भेटीत सगळं ठीक दिसलं की फाइल बंद, मुलगी कायमची घरची. नाही दिसलं, तर तिला परत नेता येत होतं. त्या दिवशी बाईंनी माझी चादर चारदा सारखी केली. तपासणीबाई माझ्यावर बसल्या, चुर्रर्र वाजलं, आणि पाच वर्षांची मुलगी यजमानीणबाईंसारखी पुढे झाली.

"ही आमची दाखवायची खाट," ती म्हणाली. "ही उघडली की मोठी आई मावशी होते. मिटली की परत आई होते."

कवळीवालीने उशीजवळचा चष्मा चाचपून घेतला आणि डोळ्यांवर चढवला. आता जे व्हायचं ते नीट दिसावं, म्हणून असेल.

मित्रांनो, मला तोवर वाटायचं, मी निरुपयोगी आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. मी एका आईची मावशी करत होते.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तपासणीबाई म्हणाल्या. "प्लास्टिकवर कोण झोपतं, अहो?"

"मग लिहिलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"कागदावर दोनच चौकोन आहेत. खाट आहे, खाट नाही. मी 'आहे' लिहिलं."

"मोठ्या आईचं नाव लिहिलं का?" मुलगी म्हणाली.

तपासणीबाईंनी कागद उलटला, सुलटला. "त्याला जागा नाही गं. मी तीनदा वर कळवलंय. वरचे म्हणतात, आधी छापलेले कागद संपू देत. गोदाम भरलंय."

त्यांनी लिहिलं, 'मुलगी खुशाल. घरातील इतर व्यक्ती: एक.' सही केली आणि फाइल मिटली.

मुलगी घरची झाली. कवळीवाली 'इतर' झाली.

दार लागल्यावर बाई माझी घडी घालायला वाकल्या. "राहू दे," कवळीवाली म्हणाली, आणि प्लास्टिक ओरबाडू लागली. नऊ वर्षांचं चिकटलेलं, तासभर निघेना. निघालं तेव्हा मुलगी वर चढली आणि दुपारभर झोपली. हत्तीची जागा होती. हत्तीएवढीच पसरली.

माझं दुःख सरलं, त्यांचं नाही. शाळेच्या अर्जात आईसाठी एकच ओळ आहे. बाईंनी बारीक अक्षरात दोन नावं बसवली. कारकुनाने अर्ज परत केला. आणखी दोनदा भरला, दोन्हीदा परत. चौथा अर्ज काल दोघींनी माझ्यावर बसून भरला. नावं दोन, अक्षर या वेळी मोठं.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्या हातून असा कागद छापला गेला, तर एक ओळ जास्त सोडा. तोवर कुणाच्या घरी गेलात तर पाणी प्या, गप्पा मारा, पण खाटा मोजू नका.