तिसरा मजला, लिफ्ट बंद

"घ्या श्वास. सोडा. परत घ्या," म्हणत डॉक्टरांनी अप्पांच्या पाठीवरून स्टेथोस्कोप फिरवला, कानांतून काढून टेबलावर ठेवला आणि ते प्रसन्न हसले.

"काका ठणठणीत आहेत. या वयात माझी छाती अशी राहिली तर आणखी काय हवं!"

"पण यांना दम लागतो," लेक म्हणाली. "रस्त्यात मध्येच बसावं लागतं."

"वय आहे," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

लेकीने अप्पांच्या शर्टाची बटणं लावली, ती एवढ्या जोरात की एक तुटायचंच बाकी राहिलं. एकाच माणसाला एका दमात ठणठणीत म्हणायचं आणि म्हातारंही ठरवायचं, हे तिच्या पचनी पडेना. या नव्या वस्तीत राहायला आल्यापासून ती अप्पांसाठी डॉक्टर शोधत होती. चौकातल्या डॉक्टरांनी मान वर न करताच टॉनिक लिहून दिलं. मोठ्या दवाखान्यात अप्पांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, तर ते असे झकास चालले की नर्सबाईंनी कौतुकाने मान डोलावली. घरी, बाजारात, चढावर दम लागायचा आणि डॉक्टरांसमोर मात्र हा माणूस नवरदेवासारखा ताठ. मुद्दाम करतात, असं तिला वाटायचं. दवाखान्याची भीती, दुसरं काय!

आईच्या वेळीही कोणीतरी असंच "वय आहे" म्हणालं होतं आणि घरादाराने माना डोलावल्या होत्या. आई त्या दुखण्यातून उठली नाही. या वेळी ती मान डोलावणार नव्हती.

बाहेर पडून दोघं चढाला लागली. निम्म्यात अप्पा थांबले.

"बसू या जरा. दम लागला."

बंद दुकानाच्या पायरीवर दोघं टेकली. तिला कोरडा खोकला आला. तो थांबल्यावर, थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघा. आत्ता... बघायला हवं होतं त्या डॉक्टरांनी."

अप्पांनी तिच्या केसांतून कापसाचा पुंजका काढला आणि बोटांनी चुरडला. ती गाद्यांच्या कारखान्यात कापूस भरण्याच्या खात्यात होती. कितीही झटकलं तरी थोडाफार कापूस तिच्याबरोबर घरी यायचाच.

"एवीतेवी दवाखाने हिंडतोच आहोत," अप्पा म्हणाले, "तर तुझ्या खोकल्याचंही एकदा..."

"मला काय धाड भरलीय? विषय बदलू नका."

अप्पांनी विषय बदलला नाही, सोडून दिला.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाच तिने शेवटी गाठलं. या वस्तीत कोणाला काय होतं आणि कोणाच्या औषधाने जातं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"एक डॉक्टरीणबाई आहेत," तो म्हणाला. "छातीच्या. हुशार आहेत, पण तुमच्या कामाच्या नाहीत. तिसरा मजला, लिफ्ट कायमची बंद. पेशंट वर पोचेपर्यंत निम्मा होतो."

लेकीचा चेहरा एकदम उजळला.

"मग तिथेच नेते," ती म्हणाली.

औषधवाला तिच्याकडे बघतच राहिला. तिला मात्र सगळं लख्ख दिसत होतं. आजवर नेलं ते तळमजल्यावरच्या दवाखान्यांत, तेही रिक्षातून. शिवाय आत जाण्याआधी अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचं. मग दम राहील कशाला? यांना धापा टाकतानाच डॉक्टरांसमोर उभं केलं पाहिजे. कशी करतात लपवाछपवी तेच बघते!

दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून लवकर निघून तिने अप्पांना त्या जिन्याशी आणून उभं केलं. अप्पांनी आधी लिफ्टच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं. उभा जन्म लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, बंद लिफ्ट दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे.

"दोर शाबूत आहेत. मोटर गेली असणार."

"तुम्ही चला वर."

पहिल्या मजल्यावर अप्पा थांबले. तिथल्या जाळीतूनही त्यांना आत बघायचं होतं. लेक कठड्याला टेकली.

"दम लागला ना?"

"लागला," अप्पा म्हणाले.

तिला हायसं वाटलं. वडिलांना दम लागला म्हणून बरं वाटावं याची लाजही वाटली, पण बेत जमत होता. दुसऱ्या मजल्यावर अप्पांनी बुटाची नाडी सोडली आणि सावकाश, अगदी सावकाश बांधली. मोटर कुठली असेल, ती कोण आणि का दुरुस्त करत नसेल, यावर त्यांचं बोलणं चालूच होतं. ती पायरीवर बसली. तिलाही जरा धाप लागली होती. म्हाताऱ्या माणसाला वर न्यायचं म्हणजे कोणालाही लागेल.

"अजून बसू थोडं," अप्पा म्हणाले. "मला नाही जमत."

"नाही. आता... थांबायचं नाही. असंच आत जायचं."

तिने त्यांचा दंड धरला आणि शेवटचा जिना एका दमात चढवला. अप्पा वाटेत दोनदा "हळू, हळू" म्हणाले. तिने ऐकलं नाही.

वरचं दार सताड उघडं होतं. दाराला लागूनच खुर्ची टाकून एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या.

"या. मघापासून ऐकतेय मी."

"यांना..." लेक म्हणाली. पुढचं तोंडातून फुटेना. तिने चौकट धरली आणि दुसऱ्या हाताने अप्पांकडे बोट दाखवलं.

"नमस्कार," अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे पाहिलं. "माझी निम्मी तपासणी हा जिनाच करतो. म्हणून खुर्ची इथे. दोन माणसं चढत होती. त्यातलं एक शेवटपर्यंत बोलत होतं." त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि लेकीपुढे सरकवलं. "बस."

"मी नाही... पेशंट... हे."

"बोलू नकोस. आधी बस."

तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नव्हता.

"अप्पा, तुम्हाला... दम..."

"मला कसला दम लागतोय, बाळ? जन्मभर जिनेच चढलो मी. चालू लिफ्टसाठी मला कोण बोलावणार होतं?" अप्पांचा आवाज मात्र आता खणखणीत राहिला नव्हता. "तुला खोकला दाखव म्हणून सांगून बघितलं. माझ्यासाठी म्हटलं की तू गावभर हिंडतेस, म्हणून मग..."

"कामाला कुठे असतेस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अप्पांनी हात पुढे केला, तिच्या कानामागचा कापसाचा पुंजका अलगद काढला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला.

लेक भयंकर चिडली होती. इतके दिवस हिंडवलं, चढावर पायऱ्यांवर बसवलं, सगळं सगळं सुनावायचं होतं तिला. तिने भांडायला तोंड उघडलं, पण तेवढा श्वासच नव्हता.

ती स्टुलावर बसली.