अडुळशाची पुरचुंडी

सवाई माधवरावांचा अंमल होता. शनिवारवाड्याच्या नगारखान्यात मैनुद्दीन सनई वाजवायचा, आणि कसब्यातल्या घरी त्याची बायको नसीमबानू ती ऐकत सकाळची चूल पेटवायची. लग्न होऊन आल्यापासूनचा हा परिपाठ. पण त्या हिवाळ्यात मैनुद्दीनला खोकला लागला. आधी साधा वाटला, मग जिना चढताना मध्येच भिंत धरायची पाळी आली. सनईवाल्याचा दम गेला की उरलं काय?

नसीमबानू हातावर हात धरून बसणारी नव्हती. नदीकाठचा अडुळसा आणून तिने वाळवला, लिंबावर चढलेली गुळवेल तोडली, सुंठ, मिरी आणि ज्येष्ठमध कुटून त्यात मिसळलं. गुळाचा खडा टाकून काढा उकळला नि वाटी पुढे केली. मैनुद्दीनने तोंड वाकडं केलं, पण प्यायला. चारआठ दिवसांत छाती जरा मोकळी झाली.

मग एकदा तो म्हणाला, "बानू, वाजवायच्या आधी ऊन ऊन घेतला तर जास्त लागू पडेल. कूट पुरचुंडीत बांधून दे. नगारखान्यात शेगडी असते, तिथं उकळून घेईन."

तिला पटलं. रोज ती ताजं कुटून पुरचुंडी त्याच्या हाती देऊ लागली. पण खोकला कमी होण्याऐवजी वाढला. तिने मिरी वाढवली, गुळाऐवजी खडीसाखर घातली.

"अहो, पिता ना नेमाने?"

"तर काय! कडू जहर असतं, विसरेन कसा?"

एका सकाळी सनई मध्येच तुटली. नगारा थोडा वेळ एकटाच वाजत राहिला, मग तोही थांबला. नसीमबानूने डोक्यावर ओढणी घेतली नि तडक निघाली. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने अडवलं नाही.

वर मैनुद्दीन भिंतीला टेकून धापा टाकत होता. शेजारी नगारा वाजवणारा सोनबा घाईघाईने शेगडीवरचं भांडं उतरवत होता. वाफेला तिच्याच अडुळशाचा वास होता.

"हा काढा कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा, वहिनी. मैनुभाई रोज पुरचुंडी देतात. तुमच्या औषधाने खोकला कुठल्या कुठं पळाला बघा." सोनबाने मान खाली घातली. "तुमच्या घरचं पाणी मला चालायचं नाही. जातीत बोभाटा होईल. म्हणून कोरडंच आणतात."

"आणि हे काय पितात?"

"ते घरून पिऊन येतात की!"

सोनबाने मैनुद्दीनकडे पाहिलं, आणि सगळं उमजून सोनबाच्याच तोंडचं पाणी पळालं.

"खोटं बोललात माझ्याशी," नसीमबानू म्हणाली.

"त्याची बायको गेली गं. करून घालणारं घरात कुणी नाही," मैनुद्दीन अडखळत म्हणाला. "नगाऱ्याचं टिपरू उचलेना त्याला. कामावर कुणी ठेवलं असतं?"

"मग मला सांगायचं! दोन पुरचुंड्या बांधल्या असत्या. अडुळसा काय सोन्याचा आहे?"

"वाटलं, तू म्हणशील, जो आपलं पाणी पीत नाही त्याच्यासाठी मी का कुटू?"

तसं नसीमबानूने म्हटलंही असतं कदाचित. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

सोनबा उठला. मैनुद्दीनची वाटी शोधून त्याने तीत भांडं न टेकवता वरून काढा ओतला. "घ्या. सगळा संपवा. आणि पुन्हा मला असं पाप लावाल तर याद राखा."

त्या दिवसापासून ती दोघांचं कुटू लागली. सोनबा शेगडीवर एकत्र उकळायचा आणि मैनुद्दीनचा शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत समोर उभा राहायचा. गेलेला दम काही पुरता परत आला नाही. तेव्हा नगारखान्याच्या दरोग्याकडे सोनबानेच शब्द टाकला. मैनुद्दीनकडे सकाळची पाळी तेवढी राहिली, संध्याकाळची दुसऱ्या एका सनईवाल्याने उचलली. मैनुद्दीन आधी रुसला, मग दुपारच्या झोपेची त्याला गोडी लागली.

सोनबाने नसीमबानूच्या घरचं पाणी पुढेही कधी घेतलं नाही. पण थंडी पडायला लागली की गुळवेलीचा भारा स्वतः तोडून दारात आणून टाकायचा, आणि जाता जाता ऐकवायचा, "वहिनी, यंदा जरा बारीक कुटा. मागच्या खेपेला घशात टोचलं."