कप्तानाचा आवाज

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून डबिंग करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "कप्तान, शेवटचा शब्द विरला."

कप्तानाने घोटभर कोमट पाणी घेतलं. परक्या भाषेतल्या एका अंतराळमालिकेत यानाच्या कप्तानाला तो पहिल्या भागापासून आवाज देत होता, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला कप्तानच म्हणत. यानावरच्या डॉक्टरला आवाज देणारा त्याचा जुना दोस्त अर्थातच डॉक्टर. प्रत्यक्षात या डॉक्टरला रक्त पाहून घेरी यायची आणि कप्तानाला साधी सायकल चालवता येत नव्हती.

घशाच्या ऑपरेशनपासून कप्तानाचा आवाज दगा देऊ लागला होता. वाक्य दणक्यात सुरू व्हायचं आणि शेवटाला चरचरायचं. एके दिवशी बाईंनी डॉक्टरला बाजूला घेतलं. "वरचे लोक दुसरा माणूस बघा म्हणतायत. तुम्ही त्यांची हुबेहूब नक्कल करता ना? बिघडलेली वाक्यं तुम्ही बोला, म्हणजे त्यांचं काम टिकेल. पण त्यांना कळू देऊ नका, खचतील."

डॉक्टरने होकार दिला. मित्रासाठीच दिला. पण खोटं कशाला बोला, माइकसमोर हुकूम सोडताना त्याला मजाही यायची. आजवर त्याच्या वाट्याला "जी, कप्तान" एवढंच आलं होतं. आधी एखाददुसरं वाक्य, मग हळूहळू अर्धा भाग तोच बोलू लागला. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उपकार करताय की चोरी, ते एकदाचं ठरवा." त्याला काही ते ठरवता आलं नाही.

आज मालिकेत डॉक्टरची फितुरी उघडी पडणार होती. शत्रूला यानाची वाट कळवणारा तोच निघाला होता. एरवी दोघांची वाक्यं वेगवेगळी घेत. आज मात्र कप्तान म्हणाला, "हा प्रसंग आम्ही एकत्र करतो."

पडद्यावरचा कप्तान वळला.

"कधीपासून चाललंय हे?"

"यान वाचवायचं होतं मला," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाहीस."

हे वाक्य कागदावर नव्हतं. पडद्यावरचे ओठ मिटलेलेच होते. बाईंनी चित्र थांबवलं आणि डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? परवा घरी भाग बघितला. नातीने टाळ्या पिटल्या, आजोबांचा आवाज बरा झाला म्हणून!" कप्तान हसला, पण ते हसू काही त्याला जमलं नाही. "नक्कल चोख होती रे. पण तू माझा आधीचा आवाज काढलास. आत्ताचा काढायचास ना, गाढवा."

"तो काढवला नाही मला."

कप्तानाने संवादांचा कागद मिटून बाजूला ठेवला.

"तुझं काम टिकावं म्हणून केलं रे," डॉक्टर पुटपुटला.

"ठाऊक आहे. म्हणून तर धड शिव्याही देता येत नाहीत." त्याने हेडफोन काढून डॉक्टरच्या पुढ्यात ठेवला. "यापुढे दोघांचंही तूच बोल. आणि श्रेयनामावलीत नाव तुझं लाव. चोरून मिळालेला आवाज मला नको."

"आणि तू?"

"मी ऐकतो."

तो पलीकडे जाऊन बाईंशेजारी बसला. चित्र पुन्हा सुरू झालं. डॉक्टरने आधी फितुराच्या आवाजात माफी मागितली आणि मग कप्तानाचं उत्तर द्यायला मान वर केली. काचेपलीकडे कप्तानाचे ओठ हलत होते. सगळी वाक्यं त्याला पाठ होती.

डॉक्टरने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या ओठांवर त्याने वाक्य बसवलं.

"माफ केलं असं समजू नकोस. पण या यानावरून तुला उतरू देणार नाही."

शेवटचा शब्द विरला. बाईंनी पुन्हा घ्यायला सांगितलं नाही.