सासूबाईंना बाण कसा मारायचा

दोन आठवडे खपून सूत्रधाराने एक राजवाडा बांधला होता. कागदावरच, पण अगदी बारकाईने: सात दालनं, एक भुयार, तळघरात झोपलेला अजगर आणि अजगराच्या उशाशी पेटीत राणीचं पत्र. पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवून वाळवला. रविवारी दुपारी मंडळी जमली, राजवाड्याच्या दारापर्यंत आली आणि दाराशी बांधलेल्या बकरीशी बोलत बसली. ती बकरी त्याने सहज, वर्णनाला शोभा यावी म्हणून बांधली होती. बकरी कुणाची, तिच्या गळ्यात घंटा का नाही, ती हेर तर नसेल, अशी तीन तास चौकशी चालली. शेवटी बकरीला सोबत घेऊन सगळे उलट दिशेने चालू लागले, आणि दोन आठवड्यांचं मुसळ केरात गेलं.

हा खेळच तसा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि 'जमलं की नाही' असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. सांगणाऱ्याला इथे सूत्रधार म्हणत, पण सूत्र त्याच्या हातात फारसं कधी राहत नसे. आठवडाभर स्वयंपाक करावा आणि पाहुण्यांनी येऊन फक्त पाणी मागावं, अशी त्याची गत.

तरीही त्याला हा खेळ सोडवत नव्हता. कारण पुढच्याच रविवारी त्याने त्या बकरीला शाप लागलेला मंत्री करून टाकलं, आणि मंडळींनी "बघा, आम्हाला पहिल्यापासून संशय होता" म्हणत एकमेकांच्या पाठी थोपटल्या. तेव्हा त्याला जे वाटलं, ते आठवडाभर चष्म्याची भिंगं घासताना कधीच वाटत नसे.

चष्म्याचं दुकान त्याचं स्वतःचं होतं. रविवारी ते बंद असे, म्हणून खेळ तिथेच चाले. शटर अर्धं खाली, मधलं टेबल मोकळं केलेलं, भोवती चौघं. एक बस चालवणारा शेजारी, ज्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. गोष्टीत तो 'पहाड' नावाचा कुऱ्हाडवाला होता आणि दोन्हीकडे सारखाच कमी बोले. दुसऱ्या ग्रंथपालबाई; त्या जादूगार होत्या आणि नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसत. पान नंबर सांगितल्याशिवाय त्या कुणाला शिंकूही देत नसत. तिसरी सूत्रधाराची बायको, शाळेत गणित शिकवणारी. खेळात ती वैद्यीण होती. आणि चौथ्या सासूबाई.

सासूबाई खेळायला आल्याच नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून रविवारी दुकानात आणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. दोन तास त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या पहारेकऱ्याच्या खिशात हात घालायला कुणी तयार आहे की नाही? नाहीतर मी घालते."

चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई. एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती तिच्या हातून. ती त्या दिवसापासून 'मुंगी' नावाची चोर झाली. भिंतींवर चढायची, छपरांवरून पळायची, राजेमहाराजांच्या कमरेच्या किल्ल्या लांबवायची, आणि अधूनमधून सवय म्हणून पहाडाची पिशवीही मारायची.

आणि इथेच सूत्रधाराची पंचाईत झाली. शत्रूचे फासे सूत्रधाराने टाकायचे असतात, तेही पडद्याआड, म्हणजे खेळणाऱ्यांना उत्सुकता राहते. पडदा म्हणजे जुन्या कॅलेंडरांचे दोन पुठ्ठे, चिकटपट्टीने जोडलेले. पहिल्याच महिन्यात मुंगीवर एकाने भाला फेकला आणि फाशावर अठरा पडले. अठरा म्हणजे भाला आरपार. सूत्रधाराने पडद्यावरून पाहिलं. सासूबाई टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकल्या होत्या, श्वास रोखून. सासूला जेवायला वाढताना ज्याची मान अदबीने लवते, त्या जावयाने तिच्या छातीत भाला खुपसायचा कसा? "चार," तो म्हणाला. "भाला हुकला."

एकदा चार म्हटलं आणि मग तेच अंगवळणी पडलं. तीन वर्षांत पहाडाचा एक कान गेला, ग्रंथपालबाईंचे दोन जादूगार मेले, वैद्यीण विहिरीत पडली. मुंगीला ओरखडासुद्धा आला नाही. सासूबाई घरी जाताना हिशोब मांडत, "आज चार वार चुकवले मी," आणि जावई मान डोलवी. खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटत नसे. उलट आपण फार प्रेमळ माणूस आहोत असं वाटे.

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. नवा चष्मा जावयाने स्वतः केला. नंबर दोनदा तपासला, भिंगं स्वतः घासली, काड्या कानामागे टोचू नयेत म्हणून तीनदा वाकवून पाहिल्या. गुरुवारी चष्मा दिला. माणूस आपल्याच पायावर धोंडा मारतो तेव्हा तो इतकं मन लावून घडवलेला क्वचितच असतो.

कारण चष्म्याच्या दुकानात आरसे असतात. चारही भिंतींना असतात. त्यातला सगळ्यात मोठा सूत्रधाराच्या पाठीमागे होता, आणि त्याच्या बरोबर समोर, पाठ टेकायची सोय असलेल्या एकमेव खुर्चीत, सासूबाई बसत.

त्या रविवारी गोष्ट चांगली रंगली होती. पहाड, जादूगार आणि वैद्यीण एका किल्ल्याच्या चौकात पिंजऱ्यात अडकले होते. सकाळ होताच त्यांना कड्यावरून ढकलणार होते. बाहेर राहिली होती एकटी मुंगी. ती तटावर चढू लागली. पहिल्या पहारेकऱ्याने सुरी फेकली. पडद्याआड फासा खळखळला.

"पाच," सूत्रधार म्हणाला. "सुरी दगडावर आपटली."

मुंगी आणखी वर सरकली. दुसऱ्याने भाला मारला.

"दोन. फारच लांबून गेला."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या मागचा आरसा फार स्वच्छ पुसलाय हो."

सूत्रधाराने मागे वळून पाहिलं. आरशात त्याचं स्वतःचं टक्कल दिसलं, पुठ्ठ्याची उलटी बाजू दिसली, आणि टेबलावर पडलेला फासा. सतरा.

"आई, ते आरशात आकडा उलटा दिसतो, म्हणून…"

"सतरा उलटे झाले तरी दोन होत नाहीत. आणि मघाचे एकोणीस होते."

ग्रंथपालबाई पुस्तकात काहीतरी शोधू लागल्या. ड्रायव्हर छताकडे बघत होता. सासूबाईंची नजर एकेकावरून फिरली आणि प्रत्येक चेहऱ्यावर त्यांना तेच दिसलं.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं."

"मावशी," ड्रायव्हर म्हणाला, "माझा जन्म गेला आरशात मागचं बघण्यात. पहिल्या महिन्यातच दिसलं मला."

"पान बावीसवर सूत्रधाराला थोडी मुभा आहे," ग्रंथपालबाई पुटपुटल्या, "पण तीन वर्षं नाही."

"आणि तू?" सासूबाईंनी लेकीला विचारलं. लेकीने नुसती मान खाली घातली. गणिताच्या बाईला, मुंगीवर टाकलेला फासा तीन वर्षांत एकदाही मोठा न पडणं शक्य नाही, हे कळायला आरसाही लागला नव्हता.

सासूबाई आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुंगीची ताकद आणि सामान लिहिलेल्या कागदाची त्या घडी घालू लागल्या, औषधाच्या पुडीची घालायच्या तशी, कडा जुळवून. "घरात मला बादली उचलू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "जिना उतरताना एक इकडून, एक तिकडून. भाजी चिरायला घेतली की हातातली सुरी काढून घेतात. ठीक आहे, हाड मोडलं होतं, मान्य आहे मला. पण मला वाटायचं, ही एक जागा अशी आहे की मी इथे पडू शकते, आणि तरी पडत नाही, कारण मी हुशार आहे. तर इथेही तुम्ही गाद्या अंथरून ठेवलेल्या." त्यांनी कागद पर्समध्ये ठेवला. "पुढच्या रविवारी मी घरीच बसेन. तिथेही मला काही होत नाही."

आपण या बाईला तीन वर्षं सांभाळलं असं तो समजत होता, आणि सांभाळता सांभाळता तिचं सगळं जिंकणं खोटं करून ठेवलं होतं. बरं, माफी मागावी तर तीही एक गादीच. त्याने पुठ्ठ्याचा पडदा उचलला, दोन तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात घातले. मग फासा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मुंगी तटावर आहे," तो म्हणाला. "खाली चौकात तिघं पिंजऱ्यात. पिंजऱ्याचं दार उघडायचा दोर समोरच्या बुरुजावरून लटकतोय. मध्ये दहा हातांची फट, खाली सत्तर हात खोल. बुरुजावर एक तिरंदाज. मुंगी काय करते?"

सासूबाईंनी मधोमध ठेवलेल्या फाशाकडे बोट केलं. "फासे उघड्यावर?"

"सगळे."

त्यांनी पर्समधून कागद काढला आणि घडी उलगडली. "उडी मारते. दोर धरते."

"बारा किंवा वर हवेत," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि मावशी, दोन्ही हातांनी लटकलेल्या माणसाला बाण लागला तर हात सुटतो. पान एकशे चार. सत्तर हात म्हणजे…" त्यांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे संपलंच."

लेकीने तोंड उघडलं. तटावर थांब, काहीतरी दुसरा मार्ग निघेल, एवढंच तिला म्हणायचं होतं. तिच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. तिने ओठ मिटून घेतले.

सासूबाईंनी फासा ओंजळीत घेतला, खुळखुळवला आणि टाकला. तो टेबलभर गडगडत गेला आणि ड्रायव्हरच्या कपाला टेकून थांबला. चौदा. चौघांनी वाकून वाकून खात्री केली. चौदाच.

मुंगीने फट ओलांडली, दोर धरला, तिच्या भाराने पिंजऱ्याचं दार करकरत वर गेलं. पहाड, जादूगार, वैद्यीण बाहेर पडले. ड्रायव्हरने टेबलावर थाप मारली, आणि सासूबाईंचा चेहरा असा उजळला की तीन वर्षांत कुणी तो तसा पाहिला नव्हता. हे चौदा त्यांचे स्वतःचे होते.

"आता तिरंदाज," त्या म्हणाल्या. "टाका."

सूत्रधाराने फासा उचलला. पंधरा किंवा वर पडले तर लागला. त्याला वाटलं, पडतील पाच. पडतील आठ. इतके दिवस आपण खोटे लहान आकडे सांगितले, आज एकदा खरा लहान पडावा. त्याने फासा टाकला.

तो फार गडगडलाच नाही. अठरा.

सगळ्यांची नजर त्याच्याकडे होती. वाक्य साधंच होतं, पण कुठल्याही जावयाने ते सासूच्या तोंडावर म्हटलेलं नसणार.

"आई," तो म्हणाला, "तुम्ही गेलात."

मग सासूबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग टेबल हललं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. "शप्पथ सांगते," त्या म्हणाल्या, "छातीत धस्स झालं माझ्या. किती वर्षांनी झालं." नवा चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले आणि खुर्चीत पाठ टेकून बसल्या. "बरं, मला नीट पोचवा आता. मेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायची पद्धत असते."

मग ज्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती तो ड्रायव्हर बोलला. "मुंगीने माझी पिशवी चौदा वेळा मारली. दर वेळी मला कळलं होतं. पण गुपचूप परत ठेवताना ती त्यात काहीतरी जास्तीचं घालायची. म्हणून पहाड गप्प बसायचा."

"नियमात बसत नाहीत अशा अकरा गोष्टी तिने केल्या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मी लिहून ठेवल्यात. अकराही मला आवडल्या होत्या."

मग लेकीची पाळी आली. ती वैद्यीण म्हणून बोलणार होती, पण आवाज तिचा स्वतःचाच निघाला. "ती उडी मारणार हे मला दिसत होतं. मी थांब म्हटलं असतं, तर माझ्यासाठी ती थांबली असती. म्हणून मी म्हटलं नाही." सासूबाईंनी टेबलावरून हात लांब करून तिच्या हातावर ठेवला. मेलेल्या माणसाने असं करू नये, पण ग्रंथपालबाईंनीही पान नंबर काढला नाही.

"आणि सूत्रधार?" सासूबाई म्हणाल्या. "बाण तुम्ही मारलात. तुम्हालाही बोलावं लागेल."

"हात कापत होता माझा, आई."

"बघितलं मी," सासूबाई म्हणाल्या. "तरी मारलात. चला, पुढे बोला, सावकाश बोला. मला आता कसली घाई."